पावसाळ्यानंतर गॅस इंजिन सुरू करण्याआधी

बडोदा पालिकेचा एक मेगावॉटचा, ४१५ व्होल्टचा, गॅसवर वीज बनवणारा संच पावसात पंधरा-वीस दिवस बंद राहिला असेल, तर आधी केबल ट्रेंच बघा. विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवरची गाळाची रेघ सांगते. झाकण उचलण्याआधी सळईनं ठोका. बडोद्यात पुरानंतर मगरीचं पिल्लू निघालं तर नवल नाही. ट्रेंच सुकवून झाल्यावर अल्टरनेटरला, म्हणजे वीज बनवणाऱ्या भागाला, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावायचा, पण एव्हीआरच्या, म्हणजे व्होल्टेज सांभाळणाऱ्या कार्डाच्या, तारा सोडवूनच, नाहीतर ते कार्ड जळेल. रीडिंग पाच मेगाओहमच्या खाली आलं तर रात्रभर स्पेस हीटर चालू ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा.

मीटरवरचं सील वडोदरा गॅसचं, म्हणजे गेल आणि महापालिकेच्या संयुक्त कंपनीचं. त्याला हात लावायचा नाही. त्यापुढचं सगळं आपलं. फ्लॅंजना, म्हणजे पाइपच्या जोडांना, साबणाचं पाणी लावा. मग दोन शट-ऑफ व्हॉल्व्हच्या मधला गेज बघा. दोन्ही बंद असताना काटा चढू लागला, तर पहिला व्हॉल्व्ह गळतोय. मधे दाब भरून ठेवला आणि तो उतरला, बाहेर मात्र बुडबुडा नाही, तर दुसरा. बहुधा सीटवर कचरा अडकलेला असतो. गॅस हवेपेक्षा हलका, म्हणून डिटेक्टर छताजवळच हवा. हवेत एक टक्का गॅस झाला, म्हणजे स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या पाचव्या हिश्शाला, तो वाजला पाहिजे. कॅलिब्रेशन गॅस देऊन वाजवूनच बघा, नुसता हिरवा दिवा पुरेसा नाही.

तेल, कूलंट, एअर फिल्टर नेहमीसारखं. प्लगच्या टोप्या मात्र काढून पुसा; आत दमट राहिलं की ठिणगी बाहेरच्या बाहेर उडते.

आता खरी जोखीम. पहिला क्रँक, म्हणजे स्टार्टरनं इंजिन नुसतं फिरवणं, गॅस आणि इग्निशन दोन्ही बंद ठेवून. तेलाचा दाब येतो का आणि २४ व्होल्टची बॅटरी १९च्या खाली घसरते का, ते बघा. मग गॅस द्या. इंजिन पेटलं नाही तर लगेच दुसऱ्यांदा बटण दाबायचा मोह आवरा: न जळलेला गॅस सायलेन्सरमध्ये साठलेला असतो आणि पुढच्या ठिणगीला तिथेच भडका उडतो. प्रत्येक फेल स्टार्टनंतर गॅस आणि इग्निशन दोन्ही बंद करून पुन्हा क्रँक करा, एक्झॉस्ट मोकळा होऊ द्या. तीनदा पेटलं नाही तर थांबा आणि कारण शोधा.

सिंक्रोनाइज करताना, म्हणजे संच ग्रिडशी जुळवून जोडताना, फेजचा क्रम केबल पुन्हा जोडली असेल तर नक्की तपासा. पूर्ण लोडवर तासाला साधारण २५० घनमीटर गॅस लागतो. मीटर त्याहून बराच पुढे पळत असेल तर इग्निशन टायमिंग आणि मिश्रण बघा.