सायकलवर पायाला मुंग्या येतात?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून आजव्याकडे सायकल काढली की तासाभरात माझी बोटं बधिर व्हायची. दोष बुटाच्या नाडीचा आणि पेडलवरच्या पावलाच्या जागेचा निघाला.

१. उन्हात पाय थोडे सुजतात. म्हणून पंजावरची नाडी करंगळी आत जाईल इतकी सैल ठेवा, घोट्याजवळची मात्र नीट आवळा. उरलेली टोकं बुटात खोचा, नाहीतर साखळीत अडकतात.

२. पेडल चवड्याच्या अगदी खाली येत असेल तर पाऊल सेंटीमीटरभर पुढे सरकवा. दाब पसरतो. मला सर्वांत जास्त फरक यानेच पडला.

३. जाड मोजे नकोत. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्यावर भरभर पाय मारा.

सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा राहिला, विशेषतः मधुमेह असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.