कुत्र्या-मांजराला चिप बसवताना: सुई, दट्ट्या आणि तीनदा स्कॅन

जनावराची ओळख पटावी म्हणून कातडीखाली टोचायची ती ‘तांदळाच्या दाण्याएवढी चिप’ असं सगळेच सांगतात. दाणा शिजलेल्या बासमतीचा धरा: नेहमीची चिप १२ मिमी लांब आणि साधारण २ मिमी जाड असते. काचेच्या बंद नळीत बसवलेली, बॅटरी नसलेली. स्कॅनर जवळ आला की त्याच्याच लहरींवर जागी होते, १५ आकडी नंबर सांगते आणि पुन्हा गप्प. म्हणून ती तापत नाही, आणि हरवलेलं कुत्रं कुठे आहे तेही सांगत नाही. जीपीएस समजून बसवायची असेल तर पैसे वाचवा.

अंगात गेलेली चिप सहसा कुणाला छळत नाही. घोळ होतात ते टोचतानाच्या अर्ध्या मिनिटात. त्यात सुईही जाड, जवळपास २.७ मिमी, म्हणजे लसीच्या सुईच्या तिप्पट-चौपट. चिप ऑनलाइन मिळते, पण घरी टोचू नका. लहान पिल्लासाठी ८ बाय १.४ मिमीची मिनी चिप मागा, तिची सुई बारीक असते. नसबंदी व्हायचीच असेल तर त्याच भुलीत बसवून घेणं सगळ्यात बरं.

टोचण्याआधी सगळं अंग स्कॅन करून घ्या. दत्तक घेतलेल्या जनावरात जुनी चिप निघू शकते. मग पाकीट पाहा: सील शाबूत, मुदत शिल्लक, त्यावर आयएसओ ११७८४/११७८५ (चिपचं आंतरराष्ट्रीय मानक) आणि १३४.२ किलोहर्ट्झ (तिच्या लहरींची वारंवारता) लिहिलेलं. चिप पाकिटात असतानाच पहिला स्कॅन करायचा आणि नंबर स्टिकरशी अंक न् अंक ताडून पाहायचा. चिप बंद पडलेली असेल तर इथेच कळतं.

जागा खांद्याच्या दोन हाडांच्या मधोमध, पाठीच्या मध्यरेषेवर. जनावर उभं किंवा पोटावर बसलेलं, आणि धरायला दुसरा माणूस हवाच. डॉक्टर स्पिरिटने जागा पुसून कातडी चिमटीत वर उचलतात. खाली तंबूसारखी पोकळी होते. सुईचं तिरपं तोंड वर ठेवून ती त्या पोकळीत तिरकी घालायची, दट्ट्या शेवटपर्यंत दाबायचा आणि मगच सुई बाहेर. दट्ट्या अर्धवट असताना सुई ओढली की चिप भोकाच्या तोंडाशी राहते आणि संध्याकाळी अंथरुणावर सापडते. सुई चिमटीच्या पलीकडून बाहेर आली, तर चिप थेट केसात पडते. सुई काढल्यावर भोकावर कापूस धरून अर्धा मिनिट दाबा. रक्ताचा एखादा थेंब आला तर घाबरू नका. लगेच दुसरा स्कॅन.

जनावर झटके देत असेल तर थांबा, दुसऱ्या दिवशी या. छोट्या जातीची कुत्री आणि मांजराची पिल्लं धडपडत असताना सुई खोल जाऊन चिप मणक्याच्या पोकळीत गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. अगदी विरळ, पण पाय लुळे पडतात. टोचल्यावर पिल्लू लंगडलं, पाय ओढू लागलं तर सकाळची वाट पाहू नका, एक्स-रे लागतो.

पुढचे दोन-तीन दिवस आंघोळ नको, हार्नेस नको, आणि ‘कुठे आहे बघू’ म्हणून चोळणं तर नकोच. भोवतीची ऊती चिपला धरून ठेवायला काही आठवडे घेते. तोवर चोळाल तर ती सरकते. सरकलेली चिप खांद्यावर, कोपराशी, छातीवर सापडते. त्याने इजा होत नाही, फक्त स्कॅन करणारा फसतो. म्हणून तिसरा स्कॅन महिन्याभराने, आणि पुढे दरवर्षी लसीच्या वेळी. स्कॅनर कातडीला टेकवून सावकाश, आडवा आणि उभा फिरवायचा; लोखंडी टेबल आणि पट्ट्याचं बक्कल मध्ये नको.

गाठीबद्दल: उंदरांवरच्या काही प्रयोगांत चिपभोवती ट्यूमर आढळले, कुत्र्या-मांजरांत अशी तुरळक प्रकरणं आहेत. तेवढ्यावरून चिप टाळू नये असं आमचं मत. पण त्याच जागी लस टोचू देऊ नका, नाहीतर गाठ कशाची हे कळत नाही. मांजराच्या टोचलेल्या जागेची गाठ ३ महिने टिकली, २ सेंमीपेक्षा मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढत राहिली, तर तुकडा तपासायला द्यायचा. एमआरआयमध्ये चिप असली तरी चालते, त्या भागाचं चित्र तेवढं बिघडतं.

परदेशी न्यायचं असेल तर क्रम चुकवू नका: आधी चिप, मग रेबीजची लस, एकाच दिवशी चालेल, पण चिप आधी. युरोपीय संघ चिपआधीची लस धरत नाही. क्रम चुकला तर भारतातून नेताना लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासणी आणि रक्त घेतल्यापासून पुढे ३ महिने थांबणं, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. लसीच्या पुस्तकात चिपचा स्टिकर, तारीख आणि जागा डॉक्टरांच्या सहीनिशी तिथल्या तिथे लिहून घ्या. नंबर तुमच्या मोबाईलसह चिपच्या नोंदणी यादीत (डेटाबेसमध्ये) चढला नाही, तर सापडलेल्या कुत्र्याचे १५ आकडे वाचूनही कुणी तुम्हाला फोन करू शकणार नाही.