डोंगरावर शेळ्या गाभण राहत नाहीत? आधी पाच महिने उलटे मोजा

माझ्या मावसभावाने त्र्यंबकच्या वरच्या अंगाला, पार पठारावर, बावीस शेळ्या घेतल्या आणि पहिल्याच वर्षी निम्म्या उलटल्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहता परत माजावर आल्या. ज्याच्याकडून घेतल्या त्याला फोन केला तर म्हणे "अहो दादा, उंचीवर हवा पातळ असते, तिथे जनावर फळत नाही." भाऊ महिनाभर हेच सगळ्यांना सांगत सुटला. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू, कारण इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडचे बरेच जण हेच विचारतात.

आधी आकडे बघा. नाशिक साधारण 600 मीटरवर, कळसूबाईचा माथा 1646, साल्हेर 1567. कळसूबाईच्या टोकावर हवेचा दाब समुद्रकाठच्या 80 टक्क्यांच्या वर असतो, आणि टोकावर कोणी गोठा बांधत नाही. लेह 3500 मीटर, तिथे दाब पासष्ट टक्क्यांच्या आसपास येतो, खरा खेळ तिथे सुरू होतो. म्हणजे आपल्याकडे जनावर गाभण राहत नसेल तर हवेला दोष देऊ नका, ती बिचारी पुरेशी आहे.

पण उंचावरची जनावरं काय करतात ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातली एक गोष्ट आपल्याला जशीच्या तशी लागू पडते. याक बघा, जुलैनंतर माजावर येतो, साडेआठ महिने गाभण, आणि वासरू पडतं ते एप्रिल ते जूनमध्ये, म्हणजे बर्फ सरून गवत फुटतं तेव्हा. बऱ्याच मादी तर एक वर्ष सोडून वितात, अंगात ताकद भरली नाही तर माजच दाखवत नाहीत. दुसरी गोष्ट वारेची, म्हणजे पोटातल्या पिल्लाला आईच्या रक्तातून पोसणारा आणि विल्यावर बाहेर पडणारा भाग. पिढ्यान् पिढ्या उंचावर राहिलेल्या मेंढ्यांच्या वारेत रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही कोकरू पोसलं जातं. खालून नव्याने वर नेलेल्या मेंढीला हे जमत नाही. चिलीच्या अँडीजमध्ये साडेतीन हजार मीटरवर हे तपासलंय, नवख्या मेंढ्या कमी गाभण राहतात, कोकरं बारकी पडतात, आणि गाभण काळात व्हिटॅमिन सी आणि ई दिल्यावर कोकरांच्या वजनात फरक पडला. गाईंचं अजून अवघड, कोलोरॅडोच्या डोंगरात गाईंच्या छातीखाली पाणी भरून सूज येते, फुप्फुसातला रक्तदाब वाढून हृदय थकतं, 1915 सालापासून हा रोग नोंदलेला आहे. तेव्हा कोणाचं खरंच लडाख-स्पितीकडे जनावर न्यायचं चाललं असेल तर गाभण जनावर नेऊ नका, रिकामं न्या, महिनाभर तरी रुळू द्या, मग भरवा.

अजून एक घोळ सांगतो. लोक म्हणतात हिमालयातल्या शेळ्या वर्षातून एकदाच माजावर येतात ते उंचीमुळे. त्यात मोठा हात दिवस लहान होण्याचा आहे, आणि दिवस किती लहान होतो ते अक्षांशावर ठरतं, उंचीवर नाही. नाशिक 20 अंशावर, लेह 34 वर. म्हणून आपली संगमनेरी किंवा उस्मानाबादी बारा महिने माज दाखवते, आणि तिथेच आपण फसतो, कारण बोकड कळपात मोकळा सोडला की ती कधीही फळते आणि कधीही विते.

शेळी 150 दिवस गाभण. 15 फेब्रुवारीला भरली की 15 जुलैला विणार. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जुलैत गोठा आठ-आठ दिवस ओला, करडू जन्मल्या जन्मल्या चिखलात, मग न्यूमोनिया, हगवण, आणि आपण म्हणायचं जागा लाभत नाही. तेच 20 मेला भरली तर 17 ऑक्टोबरला विते. पाऊस ओसरलेला, शेवटचे दोन महिने शेळीला हिरवा चारा मिळालेला (पोटातल्या करडाचं बहुतेक वजन याच काळात वाढतं), बांधावर अजून गवत. याकची युक्ती ती हीच. म्हणून मे-जूनमध्येच भरवा, बाकी काळ बोकड वेगळा बांधा, लांब, वास येणार नाही इतका. निदान तीन-चार आठवडे लांब ठेवून मग आणला की त्याच्या वासानेच बऱ्याच शेळ्या आठ-दहा दिवसांत माजावर येतात.

आता भावाचं काय चुकलं ते. मेमध्येच भरवल्या होत्या त्याने, पण बोकड मार्च-एप्रिल दोन्ही महिने पत्र्याच्या शेडखाली बांधलेला. बोकडाचं वीर्य तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, उन्हात अंडकोष तापले की एप्रिलचा मार मे-जूनमध्ये दिसतो, बोकड उड्या मारतो, शेळी उभी राहते, आणि एकवीस दिवसांनी परत माज. यंदा मार्चअखेरीस त्याला आंब्याखाली हलवला, दुपारी पत्र्यावर ओलं पोतं टाकलं, पिंपात पाणी. एवढंच. बावीसपैकी एकोणीस राहिल्या.

शेळीची तयारी पाठीवरून होते. बरगडीच्या मागे कण्यावर बोटं दाबा, हाडाचे टोचरे दाणे लागले तर ती रोड आहे, काही लागलंच नाही आणि नुसती चरबी हाताला आली तर तीही उशिरा फळते. हाड लागावं पण टोचू नये. रोड असेल तर भरवायच्या तीन आठवडे आधीपासून रोज पाव किलो मक्याचा भरडा द्या, एकदम नाही, मुठीमुठीने वाढवत, नाहीतर पोट फुगेल. एकदम खुराक घालणारे हौशी लोक मी दरवर्षी बघतो.

माज ओळखायला सकाळी चारा टाकायच्या आधी उभं राहा. शेपूट सारखी हलते, ओरडते, खात नाही, निरण (शेपटीखालचा योनीमार्ग) सुजून लाल आणि चिकट स्राव. माज दीड दिवस चालतो, बीज सुटतं शेवटाकडे, म्हणून पहिल्यांदा दिसल्यावर बारा तासांनी एकदा आणि परत बारा तासांनी एकदा दाखवा. एका बोकडाला वीस-पंचवीस शेळ्या बास.

तारीख लिहा. कॅलेंडरवर त्याच दिवशी, शेळीच्या बिल्ल्याच्या नंबरासकट, पुढे एकवीस दिवसांवर एक गोल आणि 150 दिवसांवर दुसरा. जंताचं औषध भरवायच्या आधी द्या, पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका, गर्भाला धोका असतो. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन जनावर अचानक मरतं तो रोग) लस पावसाआधी, आणि विण्याच्या महिनाभर आधी परत द्यायची का ते डॉक्टरांना विचारा.

ऑक्टोबरची करडं डिसेंबरच्या थंडीत दोन महिन्यांची असतात, निफाडसारखा गारठा पठारावरही पडतो, तेव्हा वाऱ्याच्या बाजूने पोत्यांचा आडोसा आणि खाली कोरडं भाताचं तणस. चीक मात्र पहिल्या तासाभरात पोटात गेलाच पाहिजे, वार पडायची वाट बघत बसू नका. करडू उभं राहत नसेल तर सड तोंडात द्या, पहिली चिकट धार पिळून टाका आणि मगच पाजा.