निवासी शाळेत टीचिंग फेलोशिप करताय? ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

पदवी हातात आलेली असते, बी.एड. करायचं की नाही ते ठरत नसतं, आणि कोणीतरी सांगतं की अमुक एका निवासी शाळेत नवख्या शिक्षकांसाठी एक-दोन वर्षांची फेलोशिप आहे. राहणं-जेवण शाळेकडे, वर मानधन, शिवाय हाताशी एक अनुभवी शिक्षक. डोंबिवलीपासून नेरुळपर्यंतची बरीच मुलं-मुली हल्ली असे अर्ज भरतात आणि त्यातले काही अर्ज ‘सर, जरा नजर टाका ना’ म्हणत माझ्याकडे येतात. हुशारीत ही मंडळी कुठे कमी नसतात. फक्त अर्ज करताना त्यांच्या डोक्यात सकाळी जाऊन दुपारी परत येण्याची शाळा असते. निवासी शाळेत सकाळी वर्ग, दुपारी मैदान आणि रात्री वसतिगृह, अशी तिन्ही कामं एकाच माणसाची. अमेरिकेतल्या बोर्डिंग शाळांत अशा शिक्षकाला ‘ट्रिपल थ्रेट’ म्हणतात. हे ध्यानात न घेतल्यामुळेच पुढच्या बहुतेक चुका होतात.

एकच पत्र सगळ्यांना

डेहराडूनचं डून स्कूल (स्थापना १९३५) आणि अजमेरचं मेयो कॉलेज (१८७५) या फक्त मुलांच्या शाळा आहेत. तरी ‘आपल्या शाळेतील मुला-मुलींना घडवण्याची संधी’ असं लिहिलेलं पत्र तिकडे जातं, आणि वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं की यांनी शाळेची माहितीच काढलेली नाही. उलटा प्रकारही पाहिला आहे. ऋषी व्हॅली किंवा राजगुरुनगरजवळची सह्याद्री या तत्त्वज्ञ जे. कृष्णमूर्तींच्या फाउंडेशनच्या शाळा. स्पर्धा, बक्षीस आणि शिक्षा यांच्या जोरावर मुलांना शिकवू नये, हा त्यांचा जुना आग्रह आहे. तिथे ‘मी वर्गात गुणांची चढाओढ लावून मुलांना प्रोत्साहन देतो’ असं लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने दार लावून घेणं.

आणि ‘मला लहानपणापासून शिकवण्याची आवड आहे’ हे वाक्य तर खोडूनच टाका. त्याऐवजी दुपारी चारनंतर तुम्ही काय करू शकता ते सांगा. दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये ॲथलेटिक्सचा सराव केलाय का? एकांकिका स्पर्धांत नेपथ्य, प्रकाशयोजना सांभाळली आहे का? ऐरोलीच्या खाडीवर धाकट्या भावंडांना घेऊन रोहित पक्षी पाहायला जाता का? ठाणे खाडीतलं अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. जीवशास्त्राच्या उमेदवाराने त्यावर दोन ओळी लिहिल्या, तर त्या कुठल्याही टक्केवारीपेक्षा भारी ठरतात. सोसायटीच्या गणपतीत पन्नास पोरांचा कार्यक्रम बसवला असेल तर तोही लिहा. वसतिगृहात नेमकं हेच लागतं.

वेळेचा घोळ

‘निकाल लागला की बघू’ असं म्हणणारे हमखास उशीर करतात. राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये सुरू होतात, सीबीएसईच्या बहुतेक एप्रिलमध्ये, आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या बऱ्याच शाळा ऑगस्टमध्ये. निवड त्याच्या काही महिने आधी उरकलेली असते. ज्यांची नजर थेट अमेरिकेवर आहे त्यांनी एक गोष्ट आधीच पाहून ठेवावी. तिथला जे-१ शिक्षक व्हिसा मिळायला किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो. ताज्या पदवीधराला तो मिळत नाही, मग शाळेने कितीही गोड पत्र पाठवलेलं असो.

‘शनिवार-रविवारी घरी येईन’

आईला दिलेला हा शब्द पाळता येत नाही. निवासी शाळेत शनिवार-रविवारीच सगळ्यात जास्त धावपळ असते. सामने, सहल, घरी फोन करायच्या रांगा, धोबी, ताप आलेला एखादा मुलगा. पाचगणी नकाशावर जवळ दिसते, पण ठाण्याहून एसटीने गेलात की अख्खा दिवस त्यातच जातो. गणपतीचं तर आधीच बोलून घ्या. अनेक शाळांत तेव्हा सत्र ऐन भरात असतं, त्यामुळे घरच्या दीड दिवसाला सुट्टी मिळेल हे गृहीत धरू नका. मुलाखतीत हे विचारायला लाज कसली? रुजू झाल्यावर ऑगस्टच्या शेवटी रुसून बसणाऱ्यापेक्षा आधी विचारणारा उमेदवार शाळेला परवडतो.

घरच्यांचीही समजूत काढावी लागते. ‘एवढं शिकून वसतिगृहात पोरं सांभाळणार?’ हा प्रश्न बाबा विचारतात, आणि स्थळ बघायला निघालेली मावशी तर हमखास विचारते. चिडू नका. शाळेची दिनचर्या छापून त्यांच्या हातात द्या.

डेमो लेसनचा क्लास होतो

डेमो लेसन म्हणजे निवडीच्या वेळी घ्यायचा नमुना तास. आपल्याकडची बरीच मुलं कोचिंग क्लासमध्ये शिकवून आलेली असतात. फळ्यावर मुद्दे, ‘हे परीक्षेला येतं’ अशी सूचना आणि चाळीस मिनिटांत धडा संपला. निवासी शाळेत वर्ग लहान असतो आणि मागे बसलेला परीक्षक तुमच्याकडे कमी, मुलांकडे जास्त पाहत असतो.

इतिहासाचा एक डेमो मी पाहिला. विषय ठाण्याचाच होता: देशातली पहिली प्रवासी रेल्वे. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं. सगळी माहिती बिनचूक, पण वर्ग मात्र थंड. त्याच माहितीतून एक प्रश्न निघू शकला असता: पहिली गाडी ठाण्यापर्यंतच का आली, पुढे का नाही? मुलांना नकाशा दिला की त्यांना खाडी दिसते, पूल दिसतो, पलीकडे घाट दिसतो. मग कोणी म्हणतं, गाडी आल्यावर खाडीतल्या होडीवाल्यांचं काय झालं? असा प्रश्न आला की तुम्ही पाच मिनिटं गप्प राहा. ठरवलेला अर्धा भाग राहिला तरी चालतो. परीक्षकाने नंतर ‘काय सुटलं?’ असं विचारलं तर ते नेमकं सांगता आलं पाहिजे.

वसतिगृह: इथली चूक महागात पडते

तुम्ही बावीसचे, बारावीचा मुलगा सतराचा. तो तुम्हाला ‘सर’ म्हणतो, पण मनातून दादा समजतो, आणि नव्या शिक्षकाला ते आवडतंही. मग त्याला इन्स्टाग्रामवर फॉलो करायचं, रात्री खोलीत बोलावून मॅगी खायची, ‘तुझं गुपित कोणाला सांगणार नाही’ असा शब्द द्यायचा. प्रत्येक गोष्ट दिसायला साधी, पण यातली एकही करू नका.

मुलाशी एकट्याने बोलायचं असेल तर दार उघडं ठेवा किंवा लोकांच्या नजरेला पडेल अशा जागी बसा. खासगी चॅट नको. शाळेने ठरवलेल्या मार्गानेच संपर्क ठेवा. गुप्ततेचं वचन तर देताच येत नाही. कारण मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता वाटली, तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘मी हाऊसमास्टरांना (वसतिगृहप्रमुखांना) सांगितलं, पुढे त्यांनी बघायचं’ एवढ्याने तुमची जबाबदारी संपत नाही. मूल सांगायला लागलं की चौकशी अधिकाऱ्यासारखे प्रश्न विचारू नका. ऐका, ‘हे मला पुढे सांगावं लागेल’ असं त्याला शांतपणे सांगा आणि त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवा. मदतीसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

मुलाखतीत शाळेचं बालसुरक्षा धोरण वाचायला मागा. उत्तर गुळमुळीत आलं तर मी ती फेलोशिप घेऊ नका असंच सांगेन, मग मानधन कितीही असो.

फेलोशिप म्हणजे बी.एड. नव्हे

फेलोशिपच्या प्रमाणपत्रावर सरकारी किंवा अनुदानित शाळेत नेमणूक मिळत नाही. पहिली ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) हवं. ‘शिकवता शिकवता इग्नूतून (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून) बी.एड. उरकीन’ हा बेतही बऱ्याचदा फसतो. तिथे प्रवेशाला आधीचं मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण मागतात, नुसती पदवी पुरत नाही. पुढे खासगी निवासी किंवा आंतरराष्ट्रीय शाळांतच राहायचं असेल तर फेलोशिपचं वजन खूप. जिल्हा परिषदेत जायचं असेल तर आधी बी.एड. किंवा डी.एल.एड. करा.

पैशाचं थोडक्यात

मानधनाची तुलना नौपाड्यातल्या क्लासच्या पगाराशी करू नका. घणसोलीतलं पीजी, डबा आणि रेल्वेचा पास वजा करून मग बघा. मानधन दहा महिन्यांचं की बाराचं, मेच्या सुट्टीत खोली मिळते का आणि मध्येच सोडल्यास काही परत द्यावं लागतं का, हे मात्र लेखी घ्या.

अडचण आलीच तर

सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे प्रॉक्सी तासिका (गैरहजर शिक्षकांच्या बदली घ्यायचे तास) आणि रात्रपाळ्या एवढ्या वाढतात की मार्गदर्शक शिक्षक महिनोन्महिने तुमच्या वर्गात येतच नाहीत. स्टाफरूममध्ये कुरकुर करून काही होत नाही. एका आठवड्याचं खरं वेळापत्रक लिहून काढा: झोप, तासिका, ड्यूटी, तयारी, सगळं. ते आधी मार्गदर्शकांना दाखवा, मग मुख्याध्यापकांना. सोबत एकच मागणी ठेवा, ‘दर पंधरवड्याला माझा एक तास कोणीतरी पाहावा.’ अशी नेमकी मागणी बहुतेक वेळा मान्य होते.

तरीही जमलं नाही आणि सोडायचं ठरलं तर सत्र संपल्यावर सोडा, परीक्षेच्या तोंडावर नाही. निघताना अनुभवपत्रात विषय, इयत्ता, आठवड्याच्या तासिका, वसतिगृहाची जबाबदारी आणि तारखा लिहून घ्या. कार्यालयातून मोघम पत्र आलं तर मसुदा स्वतः टाइप करून सहीला द्या.