इंटरमीजिएट विन्यासाला पहिल्यांदा जाताय? गुडघे टेकायला लाजू नका

शाळेत रथसप्तमीला सूर्यनमस्कार घातलेत, वर वर्षभर बेल्ट, ब्लॉक आणि दोरीवाला अय्यंगार पद्धतीचा क्लास केलाय, म्हणजे इंटरमीजिएट आपल्याला आरामात जमेल असा माझा गोड गैरसमज होता. कोथरूडमधल्याच एका स्टुडिओच्या टाइमटेबलवर शनिवारी सकाळी साडेसातला 'विन्यास, इंटरमीजिएट, ७५ मिनिटं' असं दिसलं (विन्यास म्हणजे श्वासाच्या लयीत एकामागून एक सलग आसनं करायचा योगाचा प्रकार), ड्रॉप-इनचे, म्हणजे एकाच क्लासचे, ५०० रुपये जीपे केले आणि गेले. विसाव्या मिनिटाला मी मॅटवर पालथी पडून घड्याळ बघत होते.

आधी नावाचा घोळ सांगते, कारण मी आदल्या रात्री गूगल करून उगाच घाबरले होते. 'इंटरमीजिएट' टाकलं की अष्टांग नावाच्या योगपद्धतीची इंटरमीजिएट सिरीज समोर येते. ती पट्टाभी जोइस यांच्या म्हैसूरच्या पद्धतीतली दुसरी मालिका, तिला नाडीशोधन म्हणतात आणि त्यात पाय मानेमागे घालायचे प्रकार आहेत. स्टुडिओतल्या इंटरमीजिएटचा तिच्याशी काही संबंध नाही. याचं कुठलं सरकारी माप नाही, प्रत्येक स्टुडिओ आपापलं ठरवतो, पण माझ्या अनुभवात अर्थ एवढाच की टीचर प्रत्येक आसन समजावत थांबणार नाही, नावं तुम्हाला माहीत आहेत असं धरून पुढे जाणार.

गंमत म्हणजे जोइस आणि अय्यंगार दोघंही म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांचे शिष्य. अय्यंगार १९३७ ला पुण्यात आले आणि इथेच राहिले, त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डोक्यात योग म्हणजे एका आसनात नीट, बारकाईने, बराच वेळ थांबणं. विन्यासात थांबणं कमी, एक श्वास एक हालचाल. वर्षभर त्रिकोणासनात मिनिटभर उभं राहून टाचा कशा दाबायच्या ते शिकलेली मी, इथे टाच जागेवर नेईपर्यंत सगळा वर्ग पुढच्या आसनात!

सूर्यनमस्कारही आपला शाळेतला बारा आकड्यांचा नाही. त्यात एक पाय मागे जातो, मग गुडघे-छाती-हनुवटी टेकतो ना, इथे सूर्यनमस्कार ए मध्ये ते नाहीच. दोन्ही पाय मागे, थेट चतुरंग (कोपरं वाकवून अंग फळीसारखं सरळ खाली आणणं), मग ऊर्ध्वमुख श्वान (हात सरळ, छाती वर), मग अधोमुख श्वानात (कंबर वर, डोकं खाली) पाच श्वास. बी मध्ये उत्कटासन आणि वीरभद्रासन येतं. आणि मधेमधे टीचर नुसतं 'टेक युअर विन्यास' म्हणते आणि पाणी प्यायला वळते, म्हणजे प्लँक (हात सरळ ठेवून अंग फळीसारखं ताठ), चतुरंग, ऊर्ध्वमुख, अधोमुख हे सगळं तुमचं तुम्ही उरकायचं. हे चार शब्द झोपेत आठवतील इतके घरी करून जा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

खरी गोम चतुरंगात आहे. पहिल्या दिवशी मला वाटत होतं मी छान करतेय, फोनवर व्हिडिओ काढला तेव्हा कळलं की कोपरं बाहेर फाकतायत, पोट लोंबतंय आणि खांदे कोपरांच्या खाली जातायत, म्हणजे सगळा भार खांद्याच्या पुढच्या भागावर. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, खांदे कोपरांच्या लेव्हलला आले की बास, त्याखाली जायचंच नाही. मनगट दुखत असेल तर तळव्याच्या टाचेवर भार टाकताय, बोटं फाकवून अंगठा आणि तर्जनीची मुळं जमिनीत दाबा. मी हे न करता पहिल्याच आठवड्यात तीन क्लास केले आणि पुढचे दहा दिवस मला कणीक मळवेना.

माझ्या शेजारच्या मॅटवर एक काकू असतात, साठीच्या आसपास, सलवार आणि नवऱ्याचा जुना टीशर्ट. दुसऱ्या क्लासला मी थरथरत होते तर वाकूनच हळूच म्हणाल्या, "अगं, गुडघे टेक की, कोण बघतंय इथे?" बघितलं तर त्या स्वतः प्रत्येक चतुरंगाला गुडघे टेकून, पण इतक्या सावकाश आणि सरळ खाली येत होत्या की माझं धापा टाकत केलेलं चतुरंग म्हणजे नुसता आपटबार. टीचरनेही त्यांनाच पुढे बोलावून सगळ्यांना करून दाखवायला सांगितलं.

आता बारीकसारीक. सकाळचा क्लास असेल तर रिकाम्या पोटी जा, मी एकदा अर्धी प्लेट पोहे खाऊन गेले आणि पहिल्याच अधोमुख श्वानात ते पोहे पुन्हा भेटायला आले. नवी कोरी मॅट नेऊ नका, घसरते, आधी पुसून आठवडाभर घरी वापरा, आणि छोटा नॅपकिन ठेवा कारण हातांना घाम येतोच. पाठ, गुडघा, बीपी, प्रेग्नन्सी जे काही असेल ते सुरू व्हायच्या आधी टीचरला सांगा, मधे नाही. हात लावून करेक्शन नको असेल तर तेही सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. बकासनाला, म्हणजे हातांवर तोल सांभाळायच्या आसनाला, पुढे उशी ठेवा, नाक महाग आहे. श्वास तोंडाने सुरू झाला की बालासनात (गुडघे दुमडून, कपाळ टेकून विश्रांती) जायचं, तुमचा वेग संपलाय. आणि शवासन चुकवून पार्किंगमधून गाडी आधी काढणारे लोक असतात, तसं करू नका, ७५ मिनिटांतली तीच पाच-सात मिनिटं माझी सगळ्यात आवडती.

आठ महिने झाले आता. परवा मोजले, एका क्लासात २६ विन्यास झाले, पहिले बारा मी गुडघे न टेकता केले, तेराव्याला टेकले. बाहेर चपला घालताना काकू म्हणाल्या, "बारा? मी मोजत नाही बाई, मग भाजी आणायची राहते," आणि ॲक्टिव्हा काढून मंडईकडे गेल्या.