बंद घराला वाळवी लागली तर काय करायचं

कोकणात वर्षातले दहा महिने कुलूप असलेली घरं भरपूर, गणपतीला उघडली की चौकटीवर मातीची वाकडीतिकडी रेघ चढलेली दिसते, मग झाडूने ती पाडायची, वरून रॉकेल फासायचं आणि झालं काम. प्लीज एवढ्यावर थांबू नका. ती रेघ म्हणजे वाळवीचा बोगदा आहे आणि तिचं घर लाकडात नाहीये, खाली जमिनीत आहे, राणी तिथेच बसलेली असते.

आधी बघा वाळवी चालू आहे का. बोगदा मध्येच बोटभर फोडा, आत पांढुरके किडे पळताना दिसतील, दोन-तीन दिवसांनी परत बघा, ओल्या मातीने बुजवलेला असेल तर चालू आहे. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चौकट, वासे, कपाटाची पाठ ठोकत जा, पोकळ आवाज आला की तिथे टोक दाबून बघायचं, वरचा रंग शाबूत असतो आणि टोक सरळ आत जातं. चिऱ्याच्या भिंती मातीत बांधलेल्या असतील तर सांध्यांमधून ती थेट आढ्यापर्यंत जाते, म्हणून माळा पण बघा.

औषध जमिनीत जायला हवं. भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथे साधारण फुटाफुटावर १२ मिमीची भोकं पाडायची, इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी (पाण्यात मिसळायचं दाट कीटकनाशक) लिटरला २.१ मिली या हिशोबाने पाण्यात मिसळून माती पिईल तेवढं सोडायचं, मग भोकं सिमेंटने बुजवायची. हे लगेच मारत नाही, औषध लागलेली वाळवी बाकीच्यांना ते लावते, म्हणून माझ्या मते हेच बरं. पण विहीर जवळ असेल तर स्वतः अजिबात करू नका, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि विहीर आधी दाखवा. हातमोजे, मास्क हवेच, मुलं आणि गुरं लांब.

ओल राहिली तर वाळवी परत येणारच, त्यामुळे फुटलेली कौलं बदला, जोत्याला टेकवून सरपण, खोके ठेवू नका. चौकट बदलायची असेल तर सागाचा गाभाच घ्या, कडेचा पांढरट भाग साग असला तरी खाल्ला जातो.

आणि पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाले किडे येतात ना, ती पंख फुटलेली वाळवीच असते, ते घरातल्याच फटीतून निघत असतील तर ती फट नीट बघून ठेवा, पेस्ट कंट्रोलवाल्याला पहिली तीच दाखवायची.