शिडी लावण्याआधी: आवारातल्या वायफायची तयारी

कंपनीच्या आवारात, गोदामाच्या यार्डात किंवा पार्किंगमध्ये वायफाय द्यायचं ठरलं, की चर्चा थेट मॉडेलवर जाते. ती थोडी थांबवा. आधी आवाराचा नकाशा घ्या आणि त्यावर माणसं मांडा: कोण, कुठे उभं राहून, कोणत्या उपकरणावर काय करणार आहे. लोडिंग डॉकवरच्या बारकोड स्कॅनरची गरज वेगळी, गेटवरच्या कॅमेऱ्याची वेगळी, आणि चालता चालता वायफायवर बोलणाऱ्या माणसाची त्याहून वेगळी. बोलणं तुटू नये म्हणून त्या जागी साधारण उणे 67 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) सिग्नल धरतात. तो मोजायचा तिथे रोज वापरल्या जाणाऱ्या फोनवर किंवा स्कॅनरवर, महागड्या लॅपटॉपवर नव्हे. ॲक्सेस पॉइंटची, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या यंत्राची, ताकद वाढवली म्हणून फोनची वाढत नाही. त्याचं उत्तर परत पोचलं नाही, तर स्क्रीनवर सगळ्या रेघा दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. म्हणून एक दांडगं यंत्र उंच टांगण्यापेक्षा मध्यम ताकदीची दोन योग्य जागी लावणं मला नेहमीच बरं वाटतं.

पाहणी कामाच्या वेळेत करा. सुट्टीच्या दिवशी रिकामं दिसणारं यार्ड एरवी ट्रक आणि लोखंडी कंटेनरांनी भरलेलं असतं, आणि कंटेनरमागे सिग्नल जवळपास संपतो. झाडं पानांनी भरलेली असताना मोजलं तर उत्तम, कारण पानं, त्यातही ओली पानं, 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल चांगलाच खातात. उंचीचाही विचार इथेच उरकून घ्या. सगळीकडे सारखं पसरणारी ऑम्नी अँटेना फार उंच चढवली तर सिग्नल लांबवर जातो आणि खांबाच्या पायथ्याशी उभ्या माणसाला कमी मिळतो. इमारतीच्या भिंतीवरून समोरचं यार्ड भरायचं असेल तर एका दिशेची सेक्टर अँटेना घ्या आणि ती किंचित खाली झुकवा.

कायद्याची बाजू थोडक्यात: कंट्रोलरमध्ये (सगळे ॲक्सेस पॉइंट जिथून चालवले जातात तिथे) आपल्या देशाचा कोड बरोबर आहे का बघा आणि बाहेर कोणते चॅनेल, किती शक्तीपर्यंत चालतात ते नियमांतून तपासा. शक्तीच्या मर्यादेत अँटेनाचा गेनही, म्हणजे ती सिग्नल एका दिशेला किती एकवटते तेही, धरला जातो. 6 गिगाहर्ट्झची कमी शक्तीची परवानगी अनेक देशांत फक्त इमारतीच्या आत असते. 5 गिगाहर्ट्झमधले काही चॅनेल रडारसोबत वाटून वापरायचे असतात. तिथे यंत्राला सुरू होण्याआधी निदान मिनिटभर नुसतं ऐकावं लागतं आणि रडार आढळला की चॅनेल सोडावा लागतो. विमानतळ किंवा हवामान खात्याचा रडार जवळ असेल तर हे चॅनेल टाळलेले बरे.

आता केबल, आणि इथे वेळ द्या, कारण बाहेरची बरीच दुखणी रेडिओत नसतात, केबलमध्ये असतात. स्विचपासून (नेटवर्कच्या केबली जिथे एकत्र येतात त्या पेटीपासून) ॲक्सेस पॉइंटपर्यंत 100 मीटरची मर्यादा आहे आणि दोन्ही टोकांच्या छोट्या पॅच कॉर्डही त्यातच आल्या. नकाशावरची सरळ रेघ मोजू नका. भिंतीवरून वर, छतावरून आडवी, खांबावरून पुन्हा वर, अशी केबल जाते तशीच मोजा. पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच यंत्राला मिळणारी वीज, किती लागेल ते मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा. तिचे एएफ, एटी आणि बीटी असे प्रकार आहेत: एएफ स्विचच्या पोर्टवर 15.4 वॅट देतो, एटी 30 वॅट, आणि बीटी त्याहून बराच जास्त. एकेका पोर्टची क्षमता पुरली तरी सगळे पोर्ट मिळून स्विच एकूण किती वॅट देऊ शकतो, ते वेगळं तपासा. केबल शुद्ध तांब्याचीच हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त, त्यामुळे लांबवर वीज कमी पोचते आणि जुडग्यातली केबल तापते. वरचं आवरण उन्हाला टिकणारं, बाहेरच्या वापराचं घ्या. आतली साधी केबल उन्हात तडकते आणि त्या तडीतून पाणी शिरतं.

पाणी केबलच्या अंगानं चालत येतं. म्हणून यंत्रात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतील. केबल शिरण्याची तोंडं जमिनीकडे ठेवा. यंत्रावर आयपी67 (धूळ-पाणी आत न शिरण्याची श्रेणी) लिहिलेलं असलं तरी ती हमी ग्लँड, म्हणजे केबल शिरते तिथलं रबरी बूच आणि नट, नीट बसला असेल तरच खरी. ग्लँडचा रबर केबलच्या जाडीला घट्ट बसतो का बघा, एका भोकातून एकच केबल न्या आणि न वापरलेली भोकं सोबत आलेल्या बुचानं बंद करा. बऱ्याच ग्लँडमध्ये नट आणि रबर केबलवर आधी ओवावे लागतात आणि कनेक्टर नंतर क्रिम्प करायचा, म्हणजे पकडीनं दाबून बसवायचा असतो. शिडीवर उभं असताना हे आठवलं तर कनेक्टर कापावाच लागतो. अँटेनाच्या जोडांवर सेल्फ-फ्यूजिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून, खालून वर गुंडाळा.

आकाशातल्या विजेचं भय मोकळ्या जागेत खरंच असतं. पीओई चालेल असे सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारी उपकरणं) केबलच्या दोन्ही टोकांना घ्या, एक यंत्राजवळ आणि एक इमारतीत शिरण्याच्या जागी. अर्थिंगची तार आखूड आणि सरळ ठेवा. अर्थिंग कुठे जोडायचं हे इलेक्ट्रिशियननं आधीच दाखवून ठेवावं. दोन इमारतींच्या मध्ये तांबं ओढूच नका, फायबर टाका: शंभर मीटरची अडचण मिटते आणि एका इमारतीतला झटका दुसरीत जात नाही. फायबरच्या टोकाला वीज मात्र वेगळी द्यावी लागेल, तिची सोय आधी करा. केबल अशक्यच असेल तिथे मेश, म्हणजे ॲक्सेस पॉइंट एकमेकांना वायफायनंच जोडणं, चालतं, पण एकाच रेडिओवर वापरणारे आणि पुढचा दुवा दोन्ही असले तर दर टप्प्याला वेग जवळपास निम्मा होतो.

बाहेरची केबल कुणाच्याही हाती लागू शकते. ती काढून लॅपटॉप जोडला तर काय दिसेल, हा प्रश्न स्विचच्या त्या पोर्टला विचारा. पोर्टवर 802.1एक्स (ओळख पटल्याशिवाय उपकरणाला आत न घेणारी पद्धत) लावा, पाहुणे, स्कॅनर आणि व्यवस्थापन यांचे व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कमधले वेगळे कप्पे, वेगळे ठेवा.

चढण्याच्या आदल्या दिवशी सगळी यंत्रं टेबलावर जोडून फर्मवेअर, नाव आणि व्हीलॅन तपासा आणि पुढे ज्या स्विचवर चालणार त्याच स्विचवर रात्रभर चालू ठेवा. मॅक पत्ता (यंत्राची नेटवर्कवरची ओळख) आणि सीरियल नंबरचा फोटो घ्या, कारण वर गेल्यावर ते लेबल भिंतीकडे जातं. दुसऱ्या दिवशी हार्नेस, खाली शिडी धरायला माणूस आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारांपासून सुरक्षित अंतर, यातलं एक जरी नसलं तरी काम पुढे ढकला. उतरण्याआधी खालच्या माणसाला फोन घेऊन यार्डाच्या टोकापर्यंत चालायला लावा; झुकाव बदलायचा असेल तर तो तेव्हाच बदलता येतो.